डिफ्रॅक्शनसाठी स्वस्तातला न्यूट्रॉन डिटेक्टर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी न्यूट्रॉन डिटेक्टरवर काम करते, सोल्डरिंगपासून डेटा फिट करेपर्यंत सगळं. डिफ्रॅक्शन म्हणजे नमुन्यावर बीम सोडून तो कुठल्या कोनांत विखुरतो त्यावरून आतल्या अणूंची मांडणी काढणं, आणि विखुरलेले न्यूट्रॉन मोजतो तो डिटेक्टर. बीमटाइमला (रिअ‍ॅक्टरच्या बीमवर प्रयोगासाठी मिळालेल्या वेळेत) येणारी मुलं, कॉलेजात शिकवणारे सर-मॅडम, फोन करून विचारणारे ओळखीचे, सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून एकदाचं सगळं एका जागी लिहून ठेवतेय. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथं खरंच सांगण्यासारखं खूप आहे.

एक्स-रेचं मशीन डिपार्टमेंटमध्ये आहे की, मग न्यूट्रॉन कशाला?

एक्स-रे इलेक्ट्रॉनवरून विखुरतात. हायड्रोजनकडे इलेक्ट्रॉन एकच, त्यामुळं जड अणूंच्या गर्दीत तो एक्स-रेला दिसतच नाही म्हटलं तरी चालेल, लिथियमचंही जवळपास तसंच. न्यूट्रॉन थेट न्यूक्लिअसवरून विखुरतो, तिथं हलका-भारी असा हिशोब नाही. म्हणून बॅटरीच्या कॅथोडमध्ये लिथियम नक्की कुठं बसलाय, हायड्रोजन साठवणाऱ्या धातूत हायड्रोजन कुठल्या फटीत शिरलाय, हे न्यूट्रॉन सांगतो. शिवाय न्यूट्रॉनला स्वतःचं चुंबकत्व असतं, त्यामुळं कुठल्या अणूचा स्पिन वर आणि कुठल्याचा खाली तेही कळतं. 1949 मध्ये शल आणि स्मार्ट यांनी अमेरिकेतल्या ओक रिजला मँगनीज ऑक्साइडमध्ये हेच दाखवलं, अँटिफेरोमॅग्नेटिझम (शेजारच्या अणूंचे स्पिन एकमेकांच्या उलट असणं) डोळ्यांनी बघितल्यासारखं. शल आणि ब्रॉकहाउस यांना 1994 चं नोबेल मिळालं ते न्यूट्रॉन स्कॅटरिंगच्या कामासाठीच.

न्यूट्रॉनला चार्जच नाही, मग डिटेक्टर त्याला पकडतो कसा?

सरळ पकडत नाहीच. आधी न्यूट्रॉन गिळणारा एखादा अणू समोर ठेवायचा, तो न्यूट्रॉन गिळून फुटतो आणि त्यातून चार्ज असलेले तुकडे उडतात, मग ते तुकडे मोजायचे. असे कामाचे अणू मोजून तीन-चारच आहेत. हेलियम-3 न्यूट्रॉन गिळून प्रोटॉन आणि ट्रिटॉन (ट्रिटियमचं न्यूक्लिअस) देतो, दोघांत मिळून 764 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट. बोरॉन-10 अल्फा (हेलियमचं न्यूक्लिअस) आणि लिथियम-7 देतो, बहुतेक वेळा 2.3 मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट. लिथियम-6 अल्फा आणि ट्रिटॉन देतो आणि एनर्जी सगळ्यात दणदणीत, 4.78 मेगा. चौथा गॅडोलिनियम, त्याचं वेगळं आहे, पुढं सांगते.

गिळायची ताकद बार्नमध्ये मोजतात. 1.8 अँगस्ट्रॉम तरंगलांबीच्या न्यूट्रॉनला हेलियम-3 चे साधारण 5330 बार्न, बोरॉन-10 चे 3840, लिथियम-6 चे 940. म्हणजे लिथियम गिळतो कमी पण आवाज मोठा करतो. बाकी सगळी डिझाइनची भांडणं या आकड्यांतूनच निघतात.

मग सगळे हेलियम-3 च का वापरायचे? आणि आता का नाही?

कारण तो खरंच उत्तम आहे, यात वादच नाही. गॅस आहे, गॅमा त्यात फारसा अडकत नाही, विषारी नाही, ट्यूब एकदा भरली की वर्षानुवर्षं चालते. 10 बार दाब आणि 1 सेंमी जाडी असली तरी 1.8 अँगस्ट्रॉमचे सुमारे 74 टक्के न्यूट्रॉन तो गिळतो.

अडचण अशी की हेलियम-3 खाणीतून निघत नाही. तो ट्रिटियम (किरणोत्सारी जड हायड्रोजन) कुजून होतो, ट्रिटियमचं अर्धं आयुष्य 12.3 वर्षं, आणि ट्रिटियमचे साठे होते ते अमेरिका आणि रशियाच्या अणुबॉम्बसाठी केलेले. शीतयुद्ध संपलं, बॉम्ब कमी झाले, ट्रिटियम कमी, म्हणून हेलियम-3 कमी. त्यात 2001 च्या हल्ल्यानंतर अमेरिकेनं बंदरांवर आणि सीमांवर न्यूट्रॉन ओळखणाऱ्या कमानी लावायला सुरुवात केली, त्या प्रत्येकीत हेलियम-3 च्या ट्यूबा. 2008-09 च्या सुमारास साठा बघता बघता आटला. लिटरला 100-200 डॉलरच्या आसपास मिळणारा गॅस 2000 डॉलरच्या पुढं गेला, आणि पैसे असूनही मिळेनासा झाला हे जास्त वाईट.

आता हिशोब करा. 25 मिमी व्यासाची, 1 मीटर लांब, 10 बारची एक ट्यूब म्हणजे जवळपास 5 लिटर गॅस. एका ट्यूबचा नुसता गॅस 10,000 डॉलर. डिफ्रॅक्टोमीटरला, म्हणजे डिफ्रॅक्शन मोजायच्या यंत्राला, असल्या कित्येक ट्यूबा लागतात.

‘स्वस्त’ म्हणजे नक्की किती? एक आकडा सांगा ना.

एक आकडा सांगितला तर दिशाभूल होईल, आणि माझं सगळं म्हणणं याच उत्तरात आहे म्हणून जरा लांब लिहिते.

लोक विचारतात डिटेक्टर केवढ्याला. विचारायला हवं की एक कामाचा न्यूट्रॉन मोजायला केवढं पडलं. रिअ‍ॅक्टर बांधायला, चालवायला जो खर्च आहे तो झालेलाच आहे. त्यातून नमुन्यापर्यंत येणारा बीम म्हणजे सेकंदाला दर चौरस सेंटिमीटरला दहा लाखाच्या घरात न्यूट्रॉन, त्यातलेही बरेचसे सरळ पार निघून जातात, जे विखुरतात ते चहूबाजूंना. आणि आपला डिटेक्टर बसलाय वीस अंशात. उरलेले सगळे भिंतीच्या बोरॉनमध्ये जाऊन मरतात. ते न्यूट्रॉन फुकट गेले, त्यांचे पैसे आपण भरलेत.

समजा एक डिटेक्टर 70 टक्के एफिशियन्सीचा आहे (शंभरातले 70 न्यूट्रॉन मोजतो) पण महाग म्हणून 20 अंशच झाकतो. दुसरा 40 टक्क्यांचाच आहे पण स्वस्त म्हणून 120 अंश झाकतो. उंची सारखीच धरली तर पहिल्याचे 14 आणि दुसऱ्याचे 48, साधारण साडेतीन पट. जो पॅटर्न (कोनानुसार काउंटचा आलेख, त्यातली उंच टोकं म्हणजे पीक) घ्यायला 12 तास लागायचे तो साडेतीन तासांत येतो, म्हणजे एका दिवसाच्या बीमटाइममध्ये जिथं दोनच टेंपरेचर व्हायची तिथं सहा होतात. एखाद्या विद्यापीठातल्या मुलीला वर्षातून एकदाच बीमटाइम मिळतो, तिच्यासाठी हा फरक म्हणजे थीसिसचं आख्खं एक चॅप्टर आहे. म्हणून मला 90 टक्क्यांच्या छोट्या डिटेक्टरचं कौतुक कमी वाटतं आणि 40 टक्क्यांच्या रुंद डिटेक्टरचं जास्त.

दुसरं, जो डिटेक्टर बिघडल्यावर आपल्याच वर्कशॉपमध्ये उघडून दुरुस्त होतो तो स्वस्त. परदेशी पाठवून सहा महिने वाट बघायची, तेवढे दिवस बीम चालू आणि डिटेक्टर बंद, तो किती का कमी किमतीत घेतला असेना, महागच.

भारतात हे काम कुठं होतं?

मुंबईत, ट्रॉम्बेला. भाभा अणुसंशोधन केंद्राचा ध्रुव रिअ‍ॅक्टर 8 ऑगस्ट 1985 ला सुरू झाला, 100 मेगावॅटचा, न्यूट्रॉन बीमचा देशातला मुख्य सोर्स तोच. त्याआधी 1956 ची अप्सरा आणि 1960 चा सायरस, सायरस 2010 च्या शेवटी कायमचा बंद झाला. ध्रुववर पावडर डिफ्रॅक्टोमीटर (नमुना भुकटीचा असतो ते) आहेत, आणि यूजीसी-डीएई कन्सॉर्शियम या संस्थेमार्फत विद्यापीठातल्या लोकांनाही तिथं प्रयोग करता येतो, हे आपल्याकडच्या बऱ्याच मुलांना माहीतच नसतं.

ध्रुवचा जास्तीत जास्त फ्लक्स (सेकंदाला दर चौरस सेंटिमीटरमधून जाणारे न्यूट्रॉन) 1.8 गुणिले दहाचा चौदावा घात, फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या आयएलएल या संस्थेच्या रिअ‍ॅक्टरचा 1.5 गुणिले दहाचा पंधरावा घात. म्हणजे आपला सुमारे आठ पट कमी. रिअ‍ॅक्टर काही आठपट करता येत नाही, डिटेक्टर रुंद करता येतो. आणि पोझिशन सेन्सिटिव्ह डिटेक्टर (न्यूट्रॉन कुठं पडला तेही सांगणारे) ट्रॉम्बेत स्वतः बनवायची परंपरा जुनी आहे, त्यामुळं हे ज्ञान बाहेरून आणायचं आहे असं अजिबात नाही.

बोरॉन लावून काम होणार नाही का? बोरॉन तर मुबलक आहे.

होतं, आणि युरोपात मोठ्या प्रमाणावर झालंय. पण एक गोम आहे. नैसर्गिक बोरॉनमध्ये बोरॉन-10 फक्त 20 टक्के, म्हणजे समृद्ध केलेला पाहिजे. आणि बोरॉन घन आहे, त्यातून सुटलेला अल्फा तीन-साडेतीन मायक्रॉनमध्येच थांबतो, लिथियम त्याच्या निम्म्यात. थर जाड केला तर न्यूट्रॉन गिळले जातील पण तुकडे बाहेर गॅसपर्यंत पोचणारच नाहीत. म्हणून एका थराची एफिशियन्सी समोरून बघितलं तर 5 टक्क्यांच्या वर फारशी जात नाही.

यावर दोन उपाय. एकतर पुष्कळ थर एकामागं एक ठेवायचे. आयएलएलमध्ये सुरू झालेला मल्टी-ग्रिड तसा आहे, अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांवर मायक्रॉनभर बोरॉन कार्बाइड, आणि अशा पट्ट्यांच्या चौकटी रचलेल्या. नाहीतर थर तिरपा करायचा. न्यूट्रॉन 5 अंशाच्या कोनात घासत आला तर त्याला तोच थर साडेअकरा पट जाड वाटतो, पण अल्फाला बाहेर पडायला अंतर तेवढंच. खिडकीच्या झडपांसारख्या तिरप्या पट्ट्यांचा डिटेक्टर जर्मनीत झाला, त्याला नावच जालुझी, आणि स्वीडनमधल्या लुंडच्या ईएसएस या न्यूट्रॉन सोर्सवरच्या ड्रीम नावाच्या पावडर डिफ्रॅक्टोमीटरला तोच घेतलाय.

मला यातलं सगळ्यात आवडतं ते म्हणजे गॅस. साधा आर्गन आणि कार्बन डायऑक्साइड, वातावरणाच्या दाबाला, सतत हळूहळू सोडत राहायचा. दाबाचं भांडं नको, जाड भिंती नकोत, गळती झाली तर जीव घाबरा होत नाही. खर्च सगळा कोटिंगमध्ये आणि वायर-चॅनलच्या (सिग्नल वाचायच्या स्वतंत्र वाटांच्या) संख्येत जातो. आपल्याकडं फास्ट रिअ‍ॅक्टरच्या कंट्रोल रॉडसाठी समृद्ध बोरॉन लागतोच, त्यामुळं हा रस्ता आपल्यासाठी बंद नाही, मात्र कोटिंग मोठ्या एरियावर एकसारखं बसवणं हे दिसतं तेवढं सोपं नाही.

बीएफ3 (बोरॉन ट्रायफ्लोराइड) गॅसच्या जुन्या ट्यूबा चालतील?

चालतात, पण विषारी आणि गंजवणारा गॅस आहे, दाब जास्त ठेवता येत नाही. नवीन काही बांधणार असाल तर मी नको म्हणेन.

कमी पैशात सुरुवात करायची तर काय घ्यावं?

लिथियम फ्लोराइड आणि झिंक सल्फाइडचा सिंटिलेटर, म्हणजे न्यूट्रॉन आला की उजेड देणारा पदार्थ. पांढरा पातळ पत्रा असतो, अर्धा मिलिमीटरच्या आत. लिथियम-6 न्यूट्रॉन गिळतो, तुकडे झिंक सल्फाइडच्या दाण्यात घुसतात आणि एका न्यूट्रॉनला दीड लाखाच्या वर फोटॉन निघतात. तुलनेला सांगते, लिथियमची काच वापरली तर सुमारे 6000. एवढा उजेड असल्यामुळंच स्वस्त इलेक्ट्रॉनिक्स चालतं.

पण पत्रा दुधासारखा अपारदर्शक आहे, स्वतःचाच उजेड स्वतः अडवतो, त्यामुळं जाड करून उपयोग नाही. एका पत्र्याची एफिशियन्सी थर्मल (मंद केलेल्या) न्यूट्रॉनला 30-40 टक्के धरा. जास्त हवी तर दोन पत्र्यांच्या मध्ये फायबर घालून सँडविच करायचं. हे फायबर वेव्हलेंग्थ शिफ्टिंग जातीचे, निळा उजेड शोषून हिरवा देतात आणि तो आतल्या आत टोकापर्यंत नेतात. आडवे एक संच, उभे एक संच, दोन्हीकडं एकाच वेळी सिग्नल आला की जागा कळली. ओक रिजच्या एसएनएस या न्यूट्रॉन सोर्सवरचा पॉवजेन हा डिफ्रॅक्टोमीटर असाच फायबरवर चालतो, तेव्हा हे काही गरिबाचं जुगाड नाहीये, मोठ्या मशीनवर सिद्ध झालेलं काम आहे.

दुबळी बाजूही सांगते. झिंक सल्फाइडचा उजेड लगेच विझत नाही, शेपटी कितीतरी मायक्रोसेकंद रेंगाळते, त्यामुळं एकाच चॅनलवर खूप जास्त काउंट आले की एकमेकांत मिसळतात. सिंगल क्रिस्टलच्या तगड्या पीकला त्रास होतो. पावडरला आपल्या फ्लक्सवर काही अडत नाही. आणि लिथियम-6 वर निर्यातबंदीचे नियम असतात, म्हणून ऑर्डरचे कागद वर्षभर आधी सुरू करा.

फोटोमल्टिप्लायर घ्यावा की सिलिकॉनवाला?

सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर. (फोटोमल्टिप्लायर म्हणजे अगदी मंद उजेडाचा विजेचा सिग्नल करणारा भाग.) 6 मिमीचा एक तुकडा काही हजार रुपयांत मिळतो, 30 ते 60 व्होल्टवर चालतो, हजार व्होल्टची भानगड नाही. त्याचा दोष म्हणजे अंधारातही तो आपोआप टिकटिक करतो आणि तापमान दहा-एक अंशांनी वाढलं की ती टिकटिक दुप्पट होते. पण न्यूट्रॉनचा सिग्नल म्हणजे काही मायक्रोसेकंद चाललेला फोटॉनचा पाऊस आणि अंधारातली टिकटिक म्हणजे सुटा एखादा थेंब, तेव्हा ‘इतक्या वेळात इतके थेंब’ अशी अट लावली की बहुतेक कचरा गळतो. बीमच्या थेट रेषेत मात्र ठेवू नका, फास्ट न्यूट्रॉननं सिलिकॉन खराब होतो आणि ती टिकटिक कायमची वाढते.

गॅमाचं काय? रिअ‍ॅक्टर हॉलमध्ये गॅमा तर सगळीकडं असतो.

हो, आणि नवशिके इथंच फसतात. काउंट भरपूर येतात, आनंद होतो, बीम बंद केला तरी येतात. चांगल्या डिटेक्टरनं दहा लाख गॅमांतला एखादाच न्यूट्रॉन म्हणून मोजावा, त्याच्या वर नको. झिंक सल्फाइडमध्ये गॅमाचा पल्स छोटा आणि आखूड असतो, न्यूट्रॉनचा लांब शेपटीचा, त्यामुळं आकार बघून वेगळे करता येतात. आणि गॅमा कमी करायचा असेल तर शिल्डिंगकडंही बघा. कॅडमियम न्यूट्रॉन मस्त गिळतो पण बदल्यात गॅमा सोडतो, डिटेक्टरच्या अगदी जवळ कॅडमियमपेक्षा बोरॉन कार्बाइड किंवा बोरॉनचं रबर बरं.

गॅडोलिनियम सगळ्यात जास्त न्यूट्रॉन गिळतो म्हणे, तोच का नाही?

गॅडोलिनियम-157 चा क्रॉस सेक्शन (गिळायची ताकद) अडीच लाख बार्नच्या वर, म्हणजे भूक प्रचंड. पण गिळून झाल्यावर देतो काय, तर काही दहा किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचे इलेक्ट्रॉन आणि पुष्कळ गॅमा. एवढासा इलेक्ट्रॉन गॅमापासून वेगळा काढणं कठीण जातं. इमेज प्लेटमध्ये मात्र तो फार छान चालतो.

कॅमेऱ्यानं होतं का? कोणीतरी म्हणालं की साधा कॅमेरा लावून डिफ्रॅक्शन बघता येतं.

लाउए पद्धतीत होतं. पांढरा (सगळ्या तरंगलांबींचा) बीम, सिंगल क्रिस्टल, मागं सिंटिलेटरचा पत्रा, 45 अंशात आरसा, आणि बाजूला अंधाऱ्या डब्यात गार केलेला कॅमेरा. आयएलएलमधला सायक्लॉप्स सीसीडी कॅमेऱ्यांवरच चालतो. रात्रीचं आकाश टिपणारे हौशी लोक जे कूल्ड सीमॉस कॅमेरे वापरतात ते न्यूट्रॉन इमेजिंगमध्ये आता सर्रास दिसतात. क्रिस्टल सरळ बसलाय का, तुटलेला तर नाही, हे मिनिटांत कळतं. पावडरच्या बारीक पीकसाठी मात्र एकेक न्यूट्रॉन मोजणारा डिटेक्टरच पाहिजे, कॅमेरा गॅमा आणि न्यूट्रॉन एकाच थाळीत वाढतो.

रेझोल्यूशन किती पुरतं?

नमुन्यापासून दीड मीटरवर 3 मिमी म्हणजे 0.11 अंश. मध्यम फ्लक्सच्या पावडर मशीनला एवढं भरपूर झालं, कारण बीमचा आणि नमुन्याचा पसरटपणाच त्याहून जास्त असतो. 1 मिमीच्या मागं लागून चॅनल तिप्पट करणारे मी पाहिलेत, पीक तसूभरही बारीक झाला नाही आणि पैसे संपले.

डबा थ्रीडी प्रिंट केला तर?

करा, पण न्यूट्रॉन जिथून आत येतो त्या तोंडावर प्लास्टिक नको. प्लास्टिकमध्ये हायड्रोजन ठासून भरलेला असतो, तो न्यूट्रॉन वाट्टेल त्या दिशेला उडवतो आणि तुमचा बॅकग्राउंड वर जातो. समोर पातळ अ‍ॅल्युमिनियम, मागं आणि आत हवं ते. आणि काळं प्लास्टिक म्हणजे अंधार असं समजू नका, पातळ भिंतीतून उजेड झिरपतो.

यावरून सांगते. आमचा पहिला छोटा डिटेक्टर तयार झाला तेव्हा टाइम स्पेक्ट्रममध्ये (वेळेनुसार काउंटच्या आलेखात) दर 10 मिलिसेकंदाला एक टेकाड दिसायचं. तीन दिवस आम्ही इलेक्ट्रॉनिक्स उलटंपालटं केलं, ग्राउंडिंग बदललं, केबल बदलल्या. शेवटी संध्याकाळी कोणीतरी जाताना दिवे बंद केले आणि टेकाड गायब झालं. 50 हर्ट्झची वीज, ट्यूबलाइट सेकंदाला 100 वेळा लुकलुकते, आणि केबल आत जाते तिथं टाचणीएवढी फट होती. तेव्हापासून नवीन डबा आला की सगळ्यात आधी काळ्या कापडाखाली एकदा आणि कापडाशिवाय एकदा काउंट घ्यायचे, मग पुढचं.

पावसाळ्यात काही वेगळी काळजी?

मुंबईत तर हवीच. हाय व्होल्टेजच्या कनेक्टरवर दमट हवेत करंट सरपटतो आणि तो अगदी खऱ्या पल्ससारखा दिसतो. कनेक्टर अल्कोहोलनं पुसून कोरडे करा, डब्यात सिलिका जेल ठेवा, जमलं तर हळू नायट्रोजन सोडा. लिथियम आयोडाइडचा क्रिस्टल मात्र आपल्या हवेत नकोच, पाणी ओढतो.

डिटेक्टर बरोबर मोजतोय हे कसं ठरवायचं?

व्हॅनेडियमचा दांडा लावा. व्हॅनेडियममध्ये ब्रॅग पीक जवळपास नसतात, तो सगळीकडं सारखाच विखुरतो, त्यामुळं प्रत्येक चॅनलवर सारखेच काउंट यायला हवेत. जिथं कमी तिथला चॅनल आळशी, त्या प्रमाणात दुरुस्ती करा. पण हे माप घाईत घेऊ नका. चॅनलला 10,000 काउंट झाले तर चूक 1 टक्का, 400 वर थांबलात तर 5 टक्के, आणि ती 5 टक्क्यांची चूक पुढच्या प्रत्येक पॅटर्नला चिकटते. मग कोणीतरी त्या चुकीच्या टेकाडाला चुंबकीय पीक समजून महिना घालवतं. स्वस्त डिटेक्टरमध्ये चॅनल-चॅनलमध्ये फरक जास्त असतो, म्हणून इथं एक पूर्ण रात्र द्या.

ताई, घरी किंवा कॉलेजात बनवून बघता येईल का?

सोर्सशिवायचं बरंच काही येईल. न्यूट्रॉन सोर्स मात्र एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) परवानगीशिवाय ठेवायचा नाही, कोणाकडून उसनाही आणायचा नाही, यात तडजोड नको. एलईडीला मायक्रोसेकंदाचे पल्स देऊन खोटा न्यूट्रॉन तयार करा, सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर, अ‍ॅम्प्लिफायर आणि एक एफपीजीए (हवी तशी जोडणी करता येणारी चिप) बोर्ड घेऊन पल्स वाचायला शिका, शेपटी मोजायचा कोड लिहा. सिंटिलेटरचा मोठा पत्रा मिळाला तर आकाशातून येणारे थोडेसे न्यूट्रॉनही रात्रभरात दिसतात, मी पहिला खरा पल्स असाच बघितला होता. हे सगळं हाताखालून गेलेलं असलं की बीमलाइनवर आल्यावर पहिल्या दिवशीच पत्रा लावून मोजायला लागता येतं. येताना स्वतःचा काळा टेप आणा, तिथला नेहमी संपलेला असतो.